दुपारची माणसं

सोमवारी संध्याकाळी पेणहून येणाऱ्या बसमधून रोह्याजवळच्या अष्टमीला उतरून रेबेका घरी आली, फाटकाची कडी काढून ओटीवर चढली आणि कुलपाची किल्ली शोधता यावी म्हणून हातातली पर्स नेहमीप्रमाणे नवऱ्याच्या, मोझेसच्या, आरामखुर्चीत ठेवली. ठेवताना तिचा तळहात खुर्चीतल्या उशीला लागला. उशी गरम होती. किल्ली हातात तशीच धरून ती उभी राहिली. उन्हाची म्हणावी तर ओटी पूर्वेची, सकाळी एकदा गेलेलं ऊन दुसऱ्या दिवसापर्यंत तिकडे फिरकत नाही. शिवाय जानेवारीची संध्याकाळ, फाटकाचं लोखंड आत्ताच हाताला गार लागलं होतं. आणि उन्हाची ऊब सगळीकडे सारखी पसरलेली असते. ही मधोमध होती, कडांना नव्हती. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यावर राहते तशी. मोझेसला जाऊन दोन वर्षं झाली होती.

ती ओरडली नाही. ओरडण्यासारखं काय होतं? कुलूप जागेवर होतं, खिडक्या बंद होत्या, कुंडीतली तुळशीएवढी वाढलेली मिरची जागेवर होती. तिनं दार उघडलं, चौकटीवरच्या मेझुझाला, प्रार्थनेची चिठ्ठी ठेवलेल्या त्या लहानशा नळीला, बोटं लावून ती ओठांना लावली, चहाचं आधण ठेवलं, आणि साखर घालायच्या आधी पुन्हा बाहेर येऊन उशीवर हात ठेवला. आता ऊब कमी झाली होती. निवत चालली होती. आणि आपल्याला भीती वाटायच्या ऐवजी ती निवते आहे याचं वाईट वाटतंय, हे लक्षात आल्यावर मात्र रेबेका दचकली. मुलाच्या, नथानियलच्या, सुंतेच्या दिवशी सिनेगॉगमध्ये एक खुर्ची रिकामी ठेवली होती. एलियाहू हन्नाबीची, संदेष्ट्याची. तिच्यावर कुणी बसायचं नाही, तो येऊन बसतो. तेव्हा बाळंतपणातून नुकतीच उठलेली रेबेका मागच्या बायकांमध्ये उभी राहून त्या खुर्चीकडे बघत होती आणि तिच्या मनात आलं होतं, तो उठून गेल्यावर कुणी हात लावून बघतं का? मोझेसला तिनं रात्री हे विचारलं. तो इतका हसला की पाळण्यातलं पोर जागं झालं. ‘तू ना, संदेष्ट्याची पण परीक्षा घेशील,’ तो म्हणाला.

परीक्षा घेणं हाच तिचा धंदा होता. पेणच्या बाजारात एका दुकानावरच्या माडीवर तिचा टायपिंगचा क्लास होता आणि सगळ्या तालुक्यातली मुलंमुली तिथं येऊन वीस मशिनांवर एकाच वेळी बोटं आपटत. त्या खडखडाटात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. हल्ली काँप्युटर आले होते आणि तो भाग दिपिका नावाची तिचीच जुनी विद्यार्थिनी बघायची. पण कुणाची करंगळी चुकते हे रेबेकाला अजूनही पाठमोरं ऐकून कळे. विचार करायला लागली की तिची बोटं मांडीवर नकळत टाइप करत. त्या संध्याकाळी चहा गार होईपर्यंत ती टाइप करत बसली. चोर म्हणावा तर चोर खुर्चीत बसून जाईल कशाला? वेडा? दमलेला एखादा वाटसरू? आणि या सगळ्यांच्या खाली, शेवटच्या ओळीत, एक शब्द होता, तो तिची बोटं टाइप करायला तयार नव्हती.

मोझेस रोह्याच्या पोस्टात तारमास्तर होता. जन्मभर कट्ट-कड-कट्ट ऐकलेला माणूस. निवृत्त झाला तेव्हा रेबेकाचा क्लास जोरात होता. ती सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळच्या बसनं यायची. आली की तो याच खुर्चीत, मांडीवर पेपर, ओटी झाडून लख्ख, घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. ‘कंटाळा आला का?’ ती विचारायची. ‘नाय गो,’ तो म्हणायचा, आणि तिला ते खरं वाटायचं नाही. आपण या माणसाला दिवसभर एकटा टाकून जातो, ही गोष्ट पायातल्या काट्यासारखी तिला सलायची. बसमध्ये, नागोठण्याच्या पुलावर, वडखळच्या नाक्यावर गाड्या तुंबल्या की तिथं. एकदा दुपारचा वर्ग बंद करावा असं तिनं ठरवलंही होतं. पण मग काँप्युटर आले, आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी, ती दाराबाहेर पाय टाकते न टाकते तोच मोझेस मोरीत पडला, आणि ठरवलेलं सगळं राहून गेलं. आता ही खुर्ची दिवसभर एकटी असते, असं ती समजत होती.

रविवारी नथानियलचा फोन यायचा, इस्रायलमधून, अशदोदहून. त्याच्या बोलण्यात आधी नातीचं, नोआचं कौतुक आणि मग घराचं. ‘आई, एकटी कशाला राहतेस तिथं? आपले कोण राहिलेत आता अष्टमीत?’ हे खरं होतं. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमवायचे तर पेणहून, अलिबागहून माणसं बोलवावी लागत. वरसे गावचा हरेश म्हणून घरांच्या व्यवहारातला एक दलाल होता, त्याला नथानियलनं परस्पर फोन केला होता आणि हरेश तीनदा येऊन गेला होता. रेबेकानं नाही म्हटलं नव्हतं. ‘आणा गिऱ्हाईक, बघून तर जाऊ दे,’ असं म्हटलं होतं, दुसऱ्याच कुणाच्या घराबद्दल बोलावं तसं. त्यामुळे त्या रविवारी तिनं गरम उशीचा उल्लेख केला नाही. केला असता तर नथानियलनं त्याच फोनवर तिकीट काढलं असतं. पण तो विचारत होता, ‘तुला पाठवलेला कॅमेरा उघडलास का गं? नोआला तुझं तोंड बघायचंय,’ तेव्हा मात्र रेबेकाची बोटं मांडीवर थांबली.

कॅमेरा कपाटात होता. लिंबाएवढा गोल डोळा, त्याला एक जाड वायर. तो काँप्युटरला लावायचा, काँप्युटर फोनला लावायचा, फोन मुंबईला लावायचा, मग अशदोदला रेबेकाचं तोंड दिसायचं. या सगळ्याच्या बिलाचा विचार करून तिनं तो जोडलाच नव्हता. पण त्याच्याबरोबर आलेल्या फ्लॉप्यांच्या पाकिटावरचं इंग्रजी तिनं वाचलं होतं, कारण छापलेलं काहीही वाचल्याशिवाय तिला राहवत नसे. त्यात लिहिलं होतं, की समोर काही हललं तर हा डोळा आपोआप फोटो काढून साठवून ठेवतो. आणि घरात काँप्युटर होता. क्लासमध्ये नवीन मशिनं आल्यावर निकामी झालेला जुना फोर-एट-सिक्स तिनं चादरीत गुंडाळून एस.टी.तून घरी आणला होता, टाकवेना म्हणून. तो शिवणयंत्राच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसला होता, शिक्षा झालेल्या मुलासारखा.

क्लासमध्ये दिपिकाला तिनं विचारलं, ‘समजा कुणाला घरात असं काही लावायचं असेल, तर हार्ड डिस्क पुरेल का गं?’

‘कुणाला, मॅडम?’

‘कुणाला तरी.’

दिपिकानं तिच्याकडे बघितलं. ‘फोटो लहान ठेवा,’ ती म्हणाली. ‘आणि मॉनिटर बंद करून ठेवा, म्हणजे बाहेरून उजेड दिसणार नाही.’ मग जरा थांबून, ‘चोरी झाली का मॅडम?’

‘उलट,’ रेबेका म्हणाली, आणि उलट म्हणजे काय हे तिलाही सांगता आलं नसतं.

कामाला हात न लावायचा शनिवारचा शब्बाथ संपला, आकाशात चांदण्या दिसल्या, आणि रेबेकानं पदर खोचला. वायर आखूड होती, म्हणून काँप्युटरला खिडकीपाशी नेणं आलं. शिवणयंत्राचं टेबल ओढताना त्याच्या चाकाखाली फरशी किंचाळली. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला तिनं खिळ्यानं भोक पाडलं, मग कात्रीनं ते मोठं केलं, बोट कापून घेतलं, बोट तोंडात धरून उरलेलं काम डाव्या हातानं केलं. डोळा डब्यात, डबा खिडकीच्या गजांमागे, पुढं पडदा, पडद्याला एक चीर. जुनं मशीन सुरू झालं तेव्हा पंख्याचा घरघराट झाला आणि कितीतरी दिवसांनी घरात दुसरं कुणीतरी श्वास घेत असल्यासारखं वाटलं. मॉनिटरच्या पडद्यावर करडी ओटी उमटली. करडी खुर्ची. तिला गंमत वाटली. चाळीस वर्षं ज्या ओटीवर राहिलो ती कुणा परक्याच्या घराची वाटत होती. ती बाहेर गेली, खुर्चीसमोरून दोनदा चालली, आत येऊन बघितलं. फोटोत एक बुटकी, पाठीत वाकलेली बाई होती आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही करडेपणा होता की हिच्यासमोर आपण पण पेपर सोडून पळालो असतो, असं रेबेकाला वाटलं. ‘मी अशी दिसते?’ ती मोठ्यानं म्हणाली. जुना काँप्युटर घरघरत राहिला.

पहिल्या दिवशी खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलला आणि मशीननं दिवसभर पडद्याचेच फोटो काढले. दुसऱ्या दिवशी पडद्याला पिना लावल्या, तर दुपारी वीज गेली. हाती लागले ते कावळा, कावळा, कावळ्याचं शेपूट. या दोन्ही संध्याकाळी उशी गरम होती. दुसऱ्या संध्याकाळी तर हात लावायच्या आधीच तिला ते ठाऊक होतं. ती शेजारी पायरीवर बसली आणि मनाशी म्हणाली, उद्या नको लावायला. उद्या दिसलं तर काय दिसेल? एक कुणीतरी दिसेल. कुठलातरी खरा, नखं वाढलेला, विडी ओढणारा माणूस दिसेल आणि मग ही ऊब त्याची होईल. आत्ता ती कुणाचीही नव्हती. तिच्या एवढ्या शिस्तीच्या आयुष्यात ही एकच गोष्ट अशी होती जी तपासली नव्हती, आणि तीही आपण तपासायला निघालो. रात्री ती बराच वेळ कुशी बदलत राहिली. पण सकाळी बसची वेळ झाली तेव्हा तिच्या बोटानं बटण दाबलंच. चुकीचं असलं तरी उत्तर बघायचंच, ही खोड जन्माची.

संध्याकाळी तिनं चपलाही काढल्या नाहीत. पहिल्या फोटोत ती स्वतः कुलूप लावत होती. दुसऱ्यात रिकामी खुर्ची. तिसऱ्यात फाटकातून एक टोपली आत येत होती आणि टोपलीच्या खाली ठमाबाई होती. ठमाबाई म्हणजे अष्टमीच्या आळीतून मासळी विकत फिरणारी. रेबेका तिच्याकडून शनिवार सोडून मासे घ्यायची, भाव ऐकायची, मान हलवायची, एवढीच ओळख. चौथ्यात टोपली ओटीच्या कोपऱ्यात होती, तिच्यावर ओलं फडकं होतं आणि ठमाबाई झाडू घेऊन ओटी झाडत होती. रेबेकाच्याच झाडूनं. पाचव्यात एक म्हातारा पायऱ्या चढत होता. जनू, वडखळकडच्या मिठागरात जन्म घालवून आता लेकीकडे राहायला आलेला, टाचा भेगाळून पांढऱ्या झालेला. सहाव्यात जनू खुर्चीत. त्यानंतर सायकल टेकवून पोस्टमन हिरामण, खांद्यावरची पिशवी खुंटीला. मग पलीकडच्या घरातली मालू, सुपात वालाच्या शेंगा घेऊन. मग पत्ते. मग हात वर केलेला हिरामण, तोंडाला पदर लावलेली ठमाबाई, मागे रेलून टाळू दिसेल इतकं तोंड उघडलेला जनू. हसत होते. एकामागून एक फोटोत ही माणसं तिच्या ओटीवर हसत होती, करडी, मूक, धक्के खात हसत होती. आणि शेवटच्या फोटोंमध्ये एकाएकी सगळे उभे राहिले होते, मालूनं सालं गोळा केली होती, ठमाबाईनं पुन्हा झाडू घेतला होता, जनूनं उशी थोपटून सारखी केली होती. त्याच्या पुढच्या फोटोत फाटकातून रेबेका येत होती.

तिला राग आला. मग लाज वाटली. कशाची ते कळेना. मग तिनं सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून बघितले, आणि या खेपेला टाळू दिसणाऱ्या जनूपाशी आल्यावर ती स्वतःच हसायला लागली, चपला पायात, पर्स काखेत, अंधार पडलेल्या घरात एकटी. मग हसू ओसरलं आणि तिच्या लक्षात आलं की ठमाबाईला झाडू कुठं असतो ते शोधावं लागलं नव्हतं. पत्ते ओटीच्या वाशामागून निघाले होते. हे आजचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आळीत जाऊन चार शब्द ऐकवावेत असं तिनं ठरवलं आणि ऐकवले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याऐवजी ती संध्याकाळच्या बसची वाट बघू लागली. वडखळला गाड्या अडल्या की पुढच्या सीटच्या दांडीवर तिची बोटं चालायची. आज कोण जिंकलं असेल? मालूच्या हाताला काल फडकं होतं, भाजलं की काय? हिरामण डाव हरला की टोपी उलटी घालतो हे तिला कळलं होतं. जनू पत्ता टाकायच्या आधी तो कपाळाला लावतो. ठमाबाई लबाडी करते. चौकटची राणी तिनं टोपलीच्या फडक्याखाली सरकवलेली रेबेकानं स्वच्छ बघितली आणि ‘अगं बाई!’ म्हणाली. फक्त आवाज नव्हता. इतकं काय बोलतात? जनू एकदा बोट वर करून काहीतरी सांगत होता आणि बाकीचे गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होते, सलग अकरा-बारा फोटो तो सांगतच होता. ती पडद्याला कान लावून बसली असती. तारमास्तर असता तर त्याला ओठांवरून कळलं असतं, असं तिला उगाचच वाटलं. क्लासमध्ये ती एकदा मधेच हसली आणि वीस मशिनं बंद पडली. मॅडमना हसताना त्या पोरांनी पाहिलं नव्हतं.

मग एका दिवशी जनू आला नाही. फोटोत ओटी होती, ठमाबाई होती, हिरामण, मालू. खुर्ची रिकामी. कुणी तिच्यात बसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तसंच, आणि पत्तेही बाहेर निघाले नव्हते. तिघं नुसती बसून होती, आणि ठमाबाईचा हात गालाला होता. रेबेकानं त्या रात्री जेवण केलं नाही. विचारणार कुणाला? काय म्हणून विचारणार? जनूशी ती आयुष्यात एक शब्द बोलली नव्हती. पण उशी थंड होती, गेल्या दोन संध्याकाळी थंड होती, आणि हे थंडपण तिनं एकदा पाहिलेलं होतं. मोझेस गेला तेव्हा ती बसमध्ये चढायला निघाली होती. दुपारचा वर्ग बंद करायचं ठरवून झालं होतं आणि ती बसमध्ये चढायला निघाली होती. सकाळी नेमानं पेणला गेली खरी, पण मुलांना सराव देऊन झाल्यावर कोणती ओळ दिली हेच तिला आठवेना. ‘दिपिका,’ ती म्हणाली, ‘दुपारचा वर्ग तू घे.’

‘आज?’

‘आज घे. मग बघू.’

भर दुपारी अष्टमीच्या थांब्यावर उतरणं तिला अनोळखी होतं. आळीत सावल्या भलत्याच बाजूला पडल्या होत्या. कुठंतरी सुकट भाजत होती, रेडिओ चालू होता, तिच्या घराच्या फाटकावर कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. ती फाटकात उभी राहिली आणि ओटीवरची तिघं एकदम उठली. हिरामणनं पिशवी ओढून घेतली, मालूच्या मांडीवरचं सूप उलटलं आणि शेंगा पायऱ्यांवरून घरंगळल्या. ठमाबाई म्हणाली, ‘बाय, आज बस लवकर सुटली व्हय?’ आणि घाईघाईनं झाडू शोधू लागली.

रेबेकानं बसमध्ये काय बोलायचं ते नीट जुळवलं होतं. माझ्या परवानगीशिवाय, असं त्याचं पहिलं वाक्य होतं. तोंडातून आलं ते वेगळंच.

‘जनू कुठाय?’

तिघं एकमेकांकडे बघत राहिली.

‘जनू कुठाय? तीन दिवस आला नाही तो. बरा आहे ना?’

‘तो पेणला हाय,’ हिरामण चाचरत म्हणाला. ‘डोल्याचं आपरेशन केलंय. मोतीबिंदू. बरा हाय, लेक हाय सोबत. उद्या परवा सोडतील.’

‘पेणला? मी रोज पेणला असते!’ रेबेका जवळजवळ ओरडली. ‘मला सांगायचं नाही? डबा दिला असता मी!’ आणि ती पायरीवर, घरंगळलेल्या शेंगांमध्ये, बसली.

‘पन बाय,’ ठमाबाई हळूच म्हणाली, ‘तुमाला कसं ठावं तो येतो त्ये?’

मग सांगावंच लागलं. सांगताना रेबेकाचे कान तापले. ही आपली ओटी, आपलं घर, आणि चोरी पकडली गेली ती आपली. पण ‘मशीन’ आणि ‘फोटो’ हे शब्द ऐकल्यावर पुढचं कुणी ऐकलंच नाही. ‘आमचा फोटू? आता हाय?’ म्हणत, रेबेकानं कुलूप काढताच, मालू आधी आत शिरली, मागोमाग हिरामण, आणि ठमाबाईनं उंबऱ्यापाशी पाय पुसले, साडीला हात पुसले, ‘येऊ ना?’ विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आली. त्या लहानशा खोलीत जुन्या मॉनिटरभोवती चार डोकी जमली. मासळीचा, सायकलच्या तेलाचा, ओल्या शेंगांचा वास. रेबेका एकेक फोटो दाखवत गेली.

‘या बाय गो! मी एवरी जारी हाय?’ ठमाबाई म्हणाली.

‘त्याच्याहून जास्ती हायस,’ हिरामण म्हणाला. ‘फोटोत मावलीस तेवढी दिसतेस.’

‘आनि ही राणी कुठं चालली?’ मालूनं पडद्यावर बोट ठेवलं. ‘ठमाबाय! फडक्याखाली!’

मोठा गोंधळ झाला. आजवरच्या सगळ्या डावांचा फेरनिकाल लागला पाहिजे असं हिरामण म्हणू लागला, ठमाबाई देवाची शपथ घेऊ लागली आणि रेबेकानं, पडद्याकडे बोट दाखवून, शपथ घेऊ नका म्हणून सांगितलं. हसता हसता तिला ठसका लागला. ठमाबाईनं तिच्या पाठीवर थापटलं. खवले धुऊन धुऊन खरखरीत झालेला तो हात पाठीवर राहिला, आणि मग रेबेकानं, पडद्याकडेच बघत, विचारलं, ‘किती दिवस बसता तुम्ही इथं?’

‘दिस?’ ठमाबाई म्हणाली. ‘मास्तर रिटायर झाले तवापास्नं. त्यांनीच बलवलं. मी टोपली घेऊन उन्हाची चालले व्हते, म्हनले, ठमे, बस घटकाभर. मग जनू, मग ह्यो हिरामण. रोज दुपारी. मास्तर असे गोष्टी सांगायचे ना, तारेच्या. कुनाला पोरगा झाला, कुनाचं लगीन मोडलं, समदं पयलं त्यांना कलायचं. हसून हसून पोटात दुखायचं.’

‘मग मी यायच्या आधी का उठायचात सगळे?’

ठमाबाईनं हिरामणकडे बघितलं. ‘मास्तर घड्याल बघायचे,’ हिरामण म्हणाला, ‘आनि सांगायचे, चला रे, निघा. ती दिवसभर वीस मशिनांच्या खडखडाटात असते, घरी आल्यावर तिला जरा शांतता लागते. ओटी झाडा, आवाज नको. मग पेपर घेऊन बसायचे. ते गेल्यावर आमी म्हटलं, त्यांचा नेम आपन मोडायचा नाय.’

रेबेकाचाही एक नेम होता. संध्याकाळी फाटकाची कडी हळू लावायची, भांडं आपटायचं नाही, क्लासमधल्या गमती तोंडाशी आल्या तरी गिळायच्या, कारण हा बिचारा जन्मभर कट्ट-कड-कट्ट ऐकून विटलाय, याला शांतता हवी. इतकी वर्षं. दोघं समोरासमोर बसून एकमेकांसाठी गप्प. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते हसू, पोटाच्या तळातून, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना ती हसत राहिली. तो एकटा नव्हता. पायातला काटा कधीचा आत होता. निघाल्यावर तिथं नुसती जागा राहिली, हलकी, गुदगुल्या होणारी. ‘नाय गो,’ तो म्हणायचा. खरंच म्हणायचा.

‘पन ते गेल्यावरही येत राहिलात,’ ती म्हणाली, आणि आपल्या तोंडून ‘पन’ गेलं हे तिच्या ध्यानात आलं नाही.

‘बंद घर चांगलं नाय दिसत, बाय,’ ठमाबाई म्हणाली. ‘मास्तरच म्हनायचे. घर वापरात पायजे.’

तेवढ्यात पडद्यावर काहीतरी हललं. फोटो संपून मशीन पुन्हा आत्ताची ओटी दाखवत होतं आणि फाटकातून दोन करडी माणसं आत आली होती. एकाच्या काखेत फाईल होती. तो बोटानं दुसऱ्याला भिंत दाखवत होता, मग छप्पर, मग पावलांनी ओटीची लांबी मोजू लागला.

‘ह्यो कोन?’ मालू म्हणाली.

‘हरेश,’ रेबेका म्हणाली. ‘वरशाचा. घर दाखवायला गिऱ्हाईक आणलंय.’

‘कोनाचं घर?’

तिघंही तिच्याकडे बघत होती. रागानं नाही, नुसती, बस येते की नाही हे रस्त्याकडे बघावं तशी. पडद्यावरचा हरेश दारापाशी आला, उघडं दार बघून चकित झाला आणि पडद्यातून नाहीसा झाला. दुसऱ्याच क्षणी त्याचा खरा आवाज आला, ‘बाई, आहात का?’

रेबेका बाहेर गेली. हरेशच्या मागं एक गृहस्थ टोपी काढून उभा होता, भला वाटत होता. ‘बाई, हे पाहुणे,’ हरेश म्हणाला. ‘नथानियलशेठशी बोलणं झालंय. म्हटलं, घर रिकामंच आहे, दुपारी दाखवून टाकावं. पण आत बरीच...’ तिच्या खांद्यावरून त्यानं आत डोकावलं. ‘भाडेकरू ठेवलेत काय?’

‘नाही,’ रेबेका म्हणाली.

‘मग?’

‘घर वापरात आहे.’

‘म्हणजे कधीपर्यंत?’

‘नथानियलला मी सांगेन रविवारी. तुम्ही उन्हातून आलात, पाणी घ्या. चहा टाकते.’

हरेशनं फाईल या काखेतून त्या काखेत घेतली. पाहुणे मात्र पायरीवर टेकले, आणि वाऱ्याची झुळूक आली तशी म्हणाले, ‘जागा छान आहे हो.’ आतून ठमाबाई आली. तिनं उलटलेलं सूप सरळ केलं, पायऱ्यांवरच्या शेंगा वेचल्या आणि एक मूठभर पाहुण्यांच्या पुढ्यात, एक मूठभर हरेशच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, ‘बसलाव तर हात चालवा.’ मग तिनं रेबेकाकडे बघितलं, जरा बिचकली, आणि तिच्याही पुढ्यात ठेवल्या.

रेबेकानं एक शेंग घेतली, नखानं तिची शीर उकलायला गेली. शेंग वाकली, दाणा उडून मिरचीच्या कुंडीत पडला. दुसरी घेतली. तिचंही तेच.

‘तशी नाय,’ ठमाबाई म्हणाली. ‘एवरी पोरं शिकवलीव तुमी. अंगठा द्या इथं. दाबा. आता वरा.’

रेबेकानं अंगठा दिला, दाबला, ओढला.

‘हां,’ ठमाबाई म्हणाली. ‘आता नीट बसा, बाय. पाय वर घ्या. लय शेंगा हायत.’